केंद्रकात तेल दिसतं का? बोडिपी ४९३/५०३ या रंगाचा पाच महिन्यांचा अनुभव

दहा मिलिग्रॅमची बाटली हातात आली तेव्हा आत काही आहे की नाही हे बघायला मला ती खिडकीशी न्यावी लागली. पिंजरीच्या करंड्याच्या तळाला उरते तेवढी नारिंगी-लाल पूड, काचेला चिकटलेली. (हा रंग उजेडात धरायचा नसतो. मी लगेच तो परत फॉइलमध्ये गुंडाळला.) मे महिन्यात घेतला, चवथ होऊन गेली तरी वापरतेच आहे. हा रंग घ्यावा की नाही, कसा वापरावा आणि तो काय दाखवत नाही, हे सगळं इथे लिहिते.

मी फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि सोबत यकृताच्या पेशींवर संशोधन करते. मराठीत लिहिण्याचं कारण साधं आहे. माझ्या वर्गातली बरीच मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकलेली असतात. प्रयोगाची खुबी त्यांना मराठीत सांगितली की डोळ्यांत लगेच कळतं, पोचली म्हणून. आणि अशा रंगांबद्दल मराठीत वाचायला मिळत नाही.

आधी हा रंग कशासाठी, ते. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पेशीचं केंद्रक म्हणजे डीएनए आणि प्रथिनं. लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ, फक्त भिंतीत: बाहेरचं एक पटल, आतलं एक पटल, मधे जागा. आत तेल असू शकतं हे मीसुद्धा वर्षानुवर्षं शिकवलं नव्हतं. पण २०१३ साली अर्जेंटिनातल्या संशोधकांनी उंदराच्या यकृतपेशींच्या केंद्रकात तेलाचे थेंब असल्याचं मांडलं. २०१६ मध्ये जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या गटाने ते थेंब बनण्यात पीएमएल नावाच्या प्रथिनाच्या एका प्रकाराचा हात असल्याचं दाखवलं. २०१८ मध्ये व्हिएन्नातल्या गटाने यीस्टमध्ये दाखवलं की केंद्रकाचं आतलं पटल स्वतःच तेल बनवू शकतं आणि थेंब आतल्या बाजूला सोडू शकतं. हे वाचल्यापासून मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. माझ्या काकांच्या सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' लिहून आलं, तेव्हा घरात सगळे तेल-तूप-खोबरं याबद्दल बोलत बसले. माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न: ते तेल पेशीत नेमकं कुठपर्यंत गेलंय?

बोडिपी ४९३/५०३ हा उदासीन लिपिडांना धरणारा रंग आहे. उदासीन म्हणजे ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलचे एस्टर, जे थेंबाच्या पोटात भरलेले असतात. नावातले आकडे म्हणजे नॅनोमीटर: ४९३ च्या आसपासचा निळसर प्रकाश घेतो, ५०३ च्या आसपासचा हिरवा सोडतो. रेणू छोटा आणि तेलात रमणारा, त्यामुळे पटलांतून आपण होऊन आत जातो. त्याला आत न्यायला डिटर्जंट लागत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच्यावरूनच माझं भांडण आहे.

किमतीचा हिशेब पटकन सांगते. बाटली महाग वाटते, पण मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असा डीएमएसओ या द्रावकातला स्टॉक केला की १० मिलिलिटर होतो. मी ५० मायक्रोलिटरच्या २०० नळ्या भरून ठेवल्या. एका कव्हरस्लिपला, म्हणजे पेशी वाढवलेल्या पातळ काचेला, अर्धा मिलिलिटर द्रावण, त्यात मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम रंग, म्हणजे कव्हरस्लिपमागे १ मायक्रोग्रॅम. एका नळीत ५० कव्हरस्लिपा होतात. अख्ख्या बाटलीत १०,०००. छोट्या महाविद्यालयाला एवढा रंग जन्मभर पुरेल. तो टिकवणं हीच काय ती अडचण.

आणि टिकवण्यात आपला पावसाळा आडवा येतो. डीएमएसओ हवेतली ओल ओढून घेतं. जूनमध्ये फोंड्याला कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, तिथे उघडी बाटली दहा मिनिटं टेबलावर राहिली तरी तिने किती पाणी प्यायलं असेल याचा अंदाज करा. त्यातून उणे वीस अंशांवरची गार नळी थेट उघडली तर झाकणाच्या आतल्या कडेवर डोळ्यांदेखत दव धरतं आणि ते थेंब रंगात उतरतात. माझ्या पहिल्या पाच नळ्या अशाच गेल्या. रंग नीट विरघळेना, स्लाइडवर हिरवे कण पडायचे आणि ते तेलाच्या थेंबांसारखेच दिसायचे. आता नळी फ्रीझरमधून काढली की सिलिका जेलच्या डब्यात वीस मिनिटं बंद ठेवते, खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडते. साधारण १८ अंशांच्या खाली डीएमएसओ गोठतं, म्हणून एसीच्या तोंडाशी ठेवलेली नळी विरघळायची वाट बघत बसू नका. तळहातात धरा.

आता तक्रार. बाटलीसोबत जे माहितीपत्रक आलं त्यात पेशी स्थिर केल्यावर ट्रायटनने पंधरा मिनिटं धुवायला सांगितलं होतं. पत्रक कुठल्याशा प्रतिपिंडाच्या (ठरावीक रेणूला चिकटून तो दाखवणाऱ्या प्रथिनाच्या) पद्धतीवरून उचलल्यासारखं होतं. ट्रायटन हा डिटर्जंट. भांड्याचं तेल साबणाने जातं तसं थेंबांभोवतीचं लिपिडाचं आवरण त्याने सुटतं. मी पत्रकावर विश्वास ठेवून केलं. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, पुणे इथून आणलेल्या हेप-जी-२ पेशी (यकृताच्या कर्करोगापासून वाढवलेल्या), त्यांना रात्रभर ओलेइक आम्ल पाजलेलं, म्हणजे थेंबांनी गच्च भरलेल्या असायला हव्यात. मायक्रोस्कोपखाली दिसलं काय, तर सगळी पेशी धूसर हिरवी, मधे दोन-चार मोठाले गोळे, जिथे छोटे थेंब फुटून एकत्र आलेले. त्या चित्रावरून कुणीही केंद्रकाबद्दल काहीही म्हणू शकलं असतं. डीलरला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, पत्रक कंपनीचं असतं, आम्ही फक्त पोचवतो." त्याचा दोष नाही, पण हा रंग विकणाऱ्याने हे असं छापू नये. नवखा विद्यार्थी असेल तर त्याचं अख्खं सत्र यात जाईल.

अल्कोहोल, झायलीन, मग डीपीएक्स हा चिकटद्रव, ही आपली नेहमीची हिस्टॉलॉजीची, म्हणजे ऊतींच्या कापांची, वाट इथे बंद आहे. तेल त्यात विरघळून निघून जातं. फॉर्मल्डिहाइडने स्थिर करायचं, बफरमध्ये धुवायचं, रंग द्यायचा, त्याच दिवशी बघायचं.

नुसतं तेल बघायचं असेल तर एवढ्यावर काम भागतं आणि या रंगासारखा दुसरा रंग मी वापरलेला नाही. ऑइल रेड ओ मी वर्गात वापरते, साध्या मायक्रोस्कोपला ते ठीक आहे, पण त्याची द्रावणं गाळत बसावी लागतात आणि लहान थेंब हातून सुटतात. बोडिपीचा थेंब काळ्या पार्श्वभूमीवर असा उठतो की त्याची कड मोजता येते.

खरी परीक्षा केंद्रकाची. थेंब केंद्रकात आहे असं म्हणायचं तर केंद्रकाची हद्द दिसायला हवी. डॅपीने डीएनए निळा होतो, पण डीएनए म्हणजे हद्द नव्हे. हद्द म्हणजे आतल्या पटलाला लागून असलेली लॅमिन प्रथिनांची जाळी, आणि ती दाखवायला प्रतिपिंड आत पोचवावं लागतं. ट्रायटन नको म्हणून मी डिजिटोनिन घेतलं. ते कोलेस्टेरॉल असलेल्या बाहेरच्या पटलाला भोकं पाडतं, तेल शाबूत राहतं, थेंब सुंदर दिसले. लॅमिन मात्र दिसेचना. दोन आठवडे मी प्रतिपिंडाला दोष देत होते. मग लक्षात आलं: केंद्रकाच्या पटलात कोलेस्टेरॉल कमी, त्यामुळे थोड्या डिजिटोनिनने ते उघडतच नाही, प्रतिपिंड दारातच उभं राहतं. शेवटी मी मधला मार्ग धरला. ०.१ टक्का ट्रायटन, फक्त पाच मिनिटं, प्रतिपिंड आधी आणि बोडिपी सगळ्यात शेवटी. सोबत दर वेळी एक कव्हरस्लिप ट्रायटनशिवाय, थेंब किती गेले ते मोजायला. थोडे जातात. ते लिहून ठेवते.

आणि एक फसगत, जी या रंगाच्या प्रत्येक वापरणाऱ्याने माहीत करून घ्यावी. लॅमिनला मी आधी लाल रंग दिला होता. पहिल्या चांगल्या चित्रात केंद्रकातल्या प्रत्येक हिरव्या थेंबावर लाल ठिपका! लॅमिन थेंबांवर जाऊन बसतंय, असं वाटून मला रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी प्रतिपिंड न देता, फक्त बोडिपी दिलेली कव्हरस्लिप लाल चॅनेलमध्ये बघितली. तेच ठिपके. बोडिपी दाट झाला की स्वतःच लालातही उजळतो. म्हणून लॅमिनला लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा फार-रेड रंग द्या. तिथे फक्त-बोडिपीची कव्हरस्लिप काळी राहते. मी तपासलं आहे.

आमच्याकडे कॉन्फोकल, म्हणजे लेझरने पेशीच्या एकेका पातळीचं चित्र घेणारा, मायक्रोस्कोप नाही. पणजीजवळच्या एका संस्थेत तासाच्या भाड्याने मिळतो. बारा खणांची प्लेट फॉइलमध्ये, फॉइल स्टीलच्या डब्यात, डबा बर्फाच्या पिशवीसोबत कापडी पिशवीत, आणि फोंड्याहून सकाळची कदंब बस. बाणस्तारीच्या पुलावर खड्डा आला की पिशवी मांडीवरून उचलून धरते, कारण पेशी सुटून आल्या तर दिवस गेला. रंगाच्या बाजूने एवढं सांगते की दोन तासांच्या या प्रवासात आणि वाट बघण्यात तो फिका पडत नाही. लेझरखाली मात्र पडतो. म्हणून आधी फार-रेड, मग हिरवा, आणि ताकद शक्य तेवढी कमी.

ऑगस्टमधल्या एका दुपारचं सांगते. माझ्यासोबत एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी होती. पडद्यावर एक पेशी: निळं लांबट केंद्रक, त्यावर अकरा हिरवे ठिपके. ती म्हणाली, "मॅडम, अकरा!" मी तिला मोजलेला आकडा वहीत लिहायला सांगितला आणि ऑपरेटरला वरपासून खालपर्यंत कापं घ्यायला सांगितली. पेशी म्हणजे कागद नव्हे. वरून बघितलं तर केंद्रकाच्या छपरावरचा थेंब आणि पोटातला थेंब एकाच जागी दिसतात. कापं रचून चित्र आडवं केलं. आठ थेंब केंद्रकाच्या वर किंवा खाली निघाले. तीन उरले. त्या तिन्हींच्या जागी डॅपीच्या निळ्यात काळं भोक होतं, म्हणजे डीएनए बाजूला सरलेला. मला वाटलं, तीन नक्की. मग लॅमिन चालू केलं. दोन थेंबांभोवती लॅमिनचं कडं होतं. केंद्रकाची भिंत काही ठिकाणी बोटासारखी आत घुसते. ते दोन थेंब त्या बोटात होते, म्हणजे पेशीच्या बाजूला, केंद्रकाच्या बाहेरच. बोटमोज्यात बोट घालावं तसे. तिसऱ्याभोवती काही नव्हतं. वरून, समोरून, बाजूने, तिन्ही बाजूंनी तो डीएनएच्या मधोमध, मोकळा. विद्यार्थिनीने वहीतला अकराचा आकडा खोडला नाही. त्याखाली रेघ मारून १ लिहिला, आणि आम्ही दोघी तो थेंब बघत कितीतरी वेळ गप्प बसलो. तासाचे पैसे चालू होते, तरीही.

त्या एका थेंबाबद्दल थोडं. यकृताच्या पेशी रक्तात तेल पाठवतात. त्यासाठी पेशीतल्या जाळीच्या, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, पोकळीत तेल भरलं जातं. ही पोकळी आणि केंद्रकाच्या दोन पटलांमधली जागा सलग आहे. एकाच घराची पडवी म्हणा. तिथे जमलेला तेलाचा थेंब, जिथे लॅमिनची जाळी विरळ असते तिथून, आतलं पटल ओलांडून केंद्रकात उतरतो. यकृतपेशींत हा एक मार्ग आहे. यीस्टमधला मार्ग वेगळा, तिथे आतल्या पटलातच थेंब बनतो. आणि आत आलेला थेंब नुसता पडून राहत नाही. फॉस्फेटिडिलकोलीन हे पटलातलं लिपिड बनवण्याच्या साखळीतला वेग ठरवणारा विकर, सीसीटी-अल्फा, त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि जागा होतो. म्हणजे तेल वाढलं की ते गुंडाळायला लागणाऱ्या पटलाचा माल वाढवण्याची सोय केंद्रकातून होते. त्या दुपारी मला हे सगळं पाठ होतं, तरी तो ठिपका बघताना पहिल्यांदाच पटलं.

आता हा रंग काय दाखवत नाही. दुकानाच्या यादीत याला सरळ 'लिपिड डाय' म्हटलेलं असतं, आणि केंद्रकातल्या लिपिडांवर काम करायचं म्हणून कुणी डोळे मिटून हा घेतला तर चूक होईल. केंद्रकातली सगळ्यात कर्तबगार लिपिडं थेंबांत नसतातच. १९८७ साली इटलीतले लुचिओ कोको आणि ब्रिटनमधले रॉबिन आयर्विन यांच्या कामातून दिसलं होतं की डिटर्जंटने केंद्रकाचं पटल काढून टाकलं तरी उरलेल्या भागात फॉस्फोइनॉसिटाइड लिपिडं बनत राहतात. पटलाशिवाय लिपिड! त्यातलं पीआयपी-२ आरएनएच्या कापाकापीशी जोडलेल्या ठिपक्यांमध्ये सापडतं. बोडिपीला ते दिसत नाही, त्याला वेगळं प्रतिपिंड लागतं. २००९ मध्ये दाखवलं गेलं की स्फिंगोसिन-१-फॉस्फेट हे लिपिड केंद्रकात तयार होऊन हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना थेट अडवतं, म्हणजे कुठलं जनुक उघडं राहील यात त्याचा हात आहे. तेही या रंगाला दिसत नाही. पीपीएआर-अल्फासारखी ग्राही प्रथिनं मेदाम्लाचा एकेक रेणू खिशात धरून डीएनएवर बसतात. एक रेणू कुठला रंग दाखवणार? आणि ज्या लॅमिनने मला हद्द दाखवली, त्या लॅमिन-बीच्या शेपटीलाच फार्नेसिल नावाची लिपिडाची साखळी लावलेली असते. तिच्यामुळे ते पटलाला धरून राहतं. प्रोजेरिया या मुलांना अकाली म्हातारं करणाऱ्या आजारात लॅमिन-एच्या बिघडलेल्या रूपावरून ही साखळी निघतच नाही; ती लागू नये म्हणून दिलं जाणारं लोनाफार्निब हे औषध अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं. एवढं सगळं लिपिड केंद्रकात, आणि माझ्या हिरव्या चित्रात त्यातलं काहीच नाही. हिरवं नाही म्हणजे लिपिड नाही, असा अर्थ मुलांनी काढू नये म्हणून हे मुद्दाम लांबवून लिहिलं.

मायक्रोस्कोपचीही मर्यादा आहे. बाजूच्या दिशेने सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही, खोलीच्या दिशेने त्याच्या दुप्पट-तिप्पट. पटलाला टेकलेला बारका थेंब आत की बाहेर हे मी ठरवत नाही. वहीत 'अनिश्चित' असा रकाना आहे आणि तो बऱ्यापैकी भरलेला असतो. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागेल, रंग बदलून भागणार नाही.

कुणी घ्यावा? कॉन्फोकलची सोय असेल, निदान महिन्यातून दोनदा भाड्याने मिळत असेल, तर जरूर घ्या. साधा फ्लोरोसन्स मायक्रोस्कोप असेल तर पेशीतलं एकूण तेल बघायला घ्या, केंद्रकाबद्दल मात्र त्यावरून एक वाक्यही लिहू नका. मागवताना पावसाळा टाळा. माझी बाटली मेमध्ये आली म्हणून बरं, एका मैत्रिणीची जुलैत कुरिअरच्या गोदामात चार दिवस पडून होती आणि खोका उघडल्यावर पुठ्ठा ओला लागला. पूड कोरडी निघाली, ते नशीब. पत्रकातली पद्धत बाजूला ठेवा. फक्त-रंगाची, फक्त-प्रतिपिंडाची आणि तेल न पाजलेल्या पेशींची अशा तीन कव्हरस्लिपा प्रत्येक वेळी ठेवाच, कितीही घाई असली तरी.

माझ्याकडे अजून एकशे चाळीसच्या वर नळ्या आहेत आणि मला एवढ्या लागणार नाहीत. गोव्यातल्या कुठल्याही महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला एखादी हवी असेल तर आनंदाने देईन. येताना झाकणाचा डबा, फॉइल आणि बर्फ घेऊन या, आणि नळी गार असताना उघडू नका.